यकृताचा मेद आणि आपले पान



दारूला कधी न शिवलेल्या माणसाच्या यकृतातही मेद साठतो. तो बरीच वर्षे दुखत-खुपत नाही, म्हणूनच घातक. २०२१ साली केंद्र सरकारने हा विकार आपल्या राष्ट्रीय आरोग्य कार्यक्रमात घेतला. औषधाइतकेच मोल येथे आहाराचे. वजन ७० किलो असेल, तर हळूहळू ५ ते ७ किलो उतरवल्यास मेद ओसरू लागतो. त्यासाठी उपाशी राहू नये. आपल्या पनवेलकडे जेवणात भात मुख्य. तो निम्मा घ्यावा, वालाची उसळ व पालेभाजी वाढवावी, मासळी तळण्याऐवजी कालवणात घालावी, चहातली साखर सोडावी. आणि भगिनींनो, उरलेले अन्न वाया जाईल म्हणून आपल्या पोटात ढकलू नका. दुसऱ्यालाही आग्रह करू नका. बेतानेच वाढणे हीही मायाच आहे.