मँचेस्टरचा हॅले वाद्यवृंद

उत्तर इंग्लंडमधील मँचेस्टर हे एकोणिसाव्या शतकात जगातील कापड-व्यापाराचे सर्वांत मोठे केंद्र होते. याच गिरणगावात १८५८ साली स्थापन झालेला हॅले वाद्यवृंद आजही वाजतो आहे. इतका दीर्घ काळ तो टिकला, कारण शहरातल्या सामान्य माणसांशी त्याचे नाते कधी पूर्णपणे तुटले नाही.

संस्थापक कार्ल हाले यांचा जन्म १८१९ साली जर्मनीतील हागेन येथे झाला. पॅरिसमध्ये पियानोवादक म्हणून त्यांनी नाव कमावले आणि शोपँ, लिस्त, बेर्लिओझ या संगीतकारांशी त्यांचा स्नेह जुळला. १८४८ च्या क्रांतीत पॅरिसमधील शिकवण्या आणि मैफली बंद पडल्या, तेव्हा ते इंग्लंडला आले आणि चार्ल्स हॅले झाले. मँचेस्टरमध्ये तेव्हा मैफली होत असत. पण त्या वर्गणीदार व्यापाऱ्यांच्या मंडळापुरत्या. १८५७ साली शहरात कलावस्तूंचे भव्य प्रदर्शन भरले. तेथे रोज वादन करण्यासाठी हॅले यांनी मोठा वृंद जमवला. प्रदर्शन संपल्यावर हे वादक पांगतील, ही गोष्ट त्यांना सहन होईना. म्हणून स्वतःच्या जबाबदारीवर त्यांनी मैफलींची मालिका जाहीर केली. पहिली मैफल ३० जानेवारी १८५८ रोजी फ्री ट्रेड हॉलमध्ये झाली.

ही जागा साधी नव्हती. १८१९ साली मतदानाचा हक्क मागायला जमलेल्या निःशस्त्र लोकांवर, याच जागी तेव्हा असलेल्या मैदानात, घोडदळ घालण्यात आले होते. त्याच भूमीवर हॅले यांनी एक शिलिंगाचे तिकीट ठेवले, आणि बेटहोवन ऐकायला व्यापाऱ्यांबरोबर कारागीर आणि कामगारही येऊ लागले. पहिल्या हंगामात तीस मैफली झाल्या. साऱ्या खर्चाचा हिशेब झाल्यावर नफा उरला अडीच शिलिंग, म्हणजे मैफलीमागे एक पेनी. हॅले यांनी तरीही दुसरा हंगाम सुरू केला. या चिकाटीपुढे त्यांची पियानोवरील हुकूमतही दुय्यम वाटते. वृंदाबरोबरच गायकवृंदही उभा राहिला. त्यात नागरिक हौसेने, विनामोबदला गात. ती परंपरा आजही चालू आहे.

लगेचच शहरावर संकट आले. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात कापसाची आवक घटली, गिरण्या बंद पडल्या आणि लँकेशायरमधील लाखो कामगारांवर उपासमारीची वेळ आली. याच काळात वऱ्हाड-खानदेशचा कापूस मुंबई बंदरातून तिकडे जाऊ लागला आणि मुंबईत पैशाचा पूर आला. ही वर्षेही हॅले यांच्या मैफलींनी पार केली. १८९३ साली त्यांनी शहरात संगीत महाविद्यालय काढण्यात पुढाकार घेतला. वादक बाहेरून आणण्याऐवजी ते येथेच घडावेत, हा हेतू. १८९५ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यानंतर वृंद चालवण्यासाठी संस्था स्थापन झाली आणि संचालक म्हणून हान्स रिख्टर आले. संगीतकार एल्गार यांच्या पहिल्या सिंफनीचे पहिले वादन ३ डिसेंबर १९०८ रोजी लंडनऐवजी मँचेस्टरमध्ये झाले, ते रिख्टर यांच्याच संचालनाखाली.

विद्यार्थ्यांना सर्वांत जवळचे वाटावे असे वर्ष १९४३ चे आहे. डिसेंबर १९४० च्या बाँबहल्ल्यात फ्री ट्रेड हॉल जळाला होता. अनेक वादक हॅले आणि बीबीसीचा वृंद अशा दोन्हीकडे वाजवत. कोणती तरी एक जागा निवडा, असे सांगितल्यावर बहुतेकांनी बीबीसी निवडले. न्यू यॉर्कहून बोलावलेले संचालक जॉन बार्बिरोली येऊन पाहतात तो अर्धाही वृंद शिल्लक नाही. तरुण सैन्यात गेलेले. बार्बिरोलींनी दिवसचे दिवस वादकांच्या परीक्षा घेतल्या आणि महिनाभरात नवा वृंद बांधला. मुख्य फ्लूटवादक एक शाळकरी मुलगा होता आणि हॉर्न वाजवायला एक शिक्षिका होत्या. पितळी वाद्यांसाठी उत्तरेकडच्या ब्रास बँडमधील आणि लष्करी बँडमधील माणसे आली. खाणी आणि गिरण्यांच्या वस्त्यांमध्ये असे बँड पिढ्यान्‌पिढ्या चालत आले होते. गिरणीत राबणारा माणूस संध्याकाळी कॉर्नेटची तालीम करी. वाद्यवृंदाने लोकांना काय दिले याची चर्चा नेहमी होते, पण त्या वर्षी लोकांनीच वाद्यवृंदाला जीवदान दिले. सभागृह नव्हते, म्हणून बेल व्ह्यू येथील प्राणिसंग्रहालयाच्या आवारातील सर्कशीच्या रिंगणात मैफली होत आणि हजारो श्रोते येत. फ्री ट्रेड हॉल पुन्हा उभा राहिला तो १९५१ साली. बार्बिरोली हे नाते अखेरपर्यंत, १९७० पर्यंत, सांभाळून होते.

याच बार्बिरोलींच्या वृंदात एक मुंबईकर वाजवत होता. १९३५ साली बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा स्थापन करणारे व्हायोलिनवादक मेहली मेहता १९५५ मध्ये इंग्लंडला गेले आणि सुमारे पाच वर्षे हॅलेमध्ये होते. वाद्यवृंद-संचालक झुबिन मेहता हे त्यांचे चिरंजीव.

१९९६ साली वृंद नव्या ब्रिजवॉटर हॉलमध्ये गेला, आणि दोनच वर्षांत दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आला. २००० पासून मार्क एल्डर यांनी वादनाचा दर्जा सावरला. त्यांच्या कारकिर्दीत युवा वाद्यवृंद आणि युवा गायकवृंद सुरू झाले, मुलांचा गायकवृंदही आला, आणि वृंदातील वादक शाळांमध्येही जात. अँकोट्स या जुन्या गिरणवस्तीत सेंट पीटर्स नावाचे चर्च कित्येक वर्षे बंद होते. २०१३ पासून ते हॅलेचे तालीमघर झाले, आणि २०१९ मध्ये त्याला नवी इमारत जोडली गेली. मुख्य वृंदाबरोबरच युवा आणि हौशी गटांच्या तालमीही तेथे होतात. २०२४ मध्ये एल्डर यांच्याकडून संचालकपदाची सूत्रे सिंगापूरचे काचुन वाँग यांनी घेतली.