हप्ता भरून उरते म्हणजे काय?
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली, भाषणाची सवय नाही. परंतु कर्ज काढून हळद-मसाला कांडपाचे यंत्र घ्यावे की नाही हा प्रश्न आपल्यापुढे आहे, म्हणून वही घेऊन उभी राहिले.

काही वर्षांपूर्वी मी पाटल्या मोडून 10,000 रुपये घातले आणि उरलेल्याचे कर्ज काढून पिठाची चक्की घेतली. हप्ता जाऊन महिना 300 उरत. शेजारणींनी कौतुक केले. तीन वर्षांनी कर्ज फिटले आणि त्याच महिन्यात मोटार जळाली. हाती आले होते 10,800. म्हणजे पाटल्यांचे पैसे तेवढे परत. रोजची दोन तासांची मेहनत फुकट, आणि सोने दरम्यान किती महागले ते तुम्हीच जाणता. हप्त्याच्या हिशेबात चक्कीचा तोटा दिसलाच नाही.

म्हणून या वेळी आधी कर्ज बाजूला ठेवले. समजा, यंत्र एक लाखाचे, सारा पैसा आपलाच. वीज, दुरुस्ती आणि बसणाऱ्या बाईची मजुरी (ती धरायचीच!) जाऊन वर्षाला 24,000 उरतील, यंत्र पाच वर्षे चालेल. बेरीज 1,20,000, वीस हजार नफा वाटतो. पण तेच लाख रुपये 7 टक्क्यांच्या मुदत ठेवीत पाच वर्षांत सुमारे 1,40,000 होतात. दरवर्षीचे 24,000 तसेच ठेवीत टाकत गेलो तर होतात 1,38,000. म्हणजे नुसते यंत्र तोट्याचेच, आजच्या रुपयांत दीड हजाराने.

आता अनुदान. 2020 साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत ते 35 टक्के ठेवले होते, आपला वाटा किमान 10 टक्के, बाकी बँकेचे कर्ज. अनुदान हाती येत नसे. तीन वर्षे खाते सुरळीत राहिले तर कर्जात वळते होई. तसे मिळाले तर 35,000 जमा धरा. उरलेल्या 55,000 च्या कर्जाला 10 टक्के व्याज धरले तर ते ठेवीपेक्षा महाग. मुलीच्या मांडणीप्रमाणे आजच्या रुपयांत चारएक हजारांचा फटका. मोठ्या कारखान्यांना व्याज खर्चात दाखवून कर वाचविता येतो. आपल्या चार पैशांवर कर कुठला?

तर सारा फायदा अनुदानाचा आहे, यंत्राचा नव्हे. अनुदान हुकले तर कर्ज 90,000 चे, पाच वर्षांचा हप्ता महिना 1,900 च्या वर, मिळकत सरासरी 2,000. तेव्हाही कोणी म्हणेल, "उरते तर खरे!"

वायगावच्या हळदीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले, गिऱ्हाईक नाव विचारीत येते, हे मान्य. पण कांडपाची गर्दी उन्हाळ्यात. पावसाळ्यात यंत्र बसून, आणि हप्ता मात्र दरमहा.

माझे मत असे की, अनुदान मंजुरीचे पत्र हाती पडल्याशिवाय इसार देऊ नये, आणि उन्हाळ्यातल्या कमाईतून सहा हप्ते आधी बाजूला ठेवावेत. वही इथेच ठेवते. ज्यांना आकडे तपासायचे असतील त्यांनी चहानंतर माझ्याजवळ बसावे.