मातीतील इतिहास आणि हौशी शोधकांचे कर्तव्य



सुवर्णमहोत्सव हा मागे वळून पाहण्याचा प्रसंग असतो. पन्नास वर्षांचा हिशेब वह्यांतून मिळतो, परंतु पाचशे किंवा दोन हजार वर्षांचा हिशेब कोठे शोधावा? त्याचे उत्तर पुष्कळदा शेताच्या बांधावर, तळ्याच्या गाळात आणि पाराखाली पडलेल्या दगडांत मिळते. जुन्या गावठाणांतून हिंडून असे अवशेष शोधण्याचा छंद ठाणे, कल्याण, डोंबिवली परिसरातील अनेकांना आहे. या छंदाचा वारसा, त्याची रीत आणि त्याची मर्यादा हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

ठाण्याच्या मातीने आपला इतिहास फार पूर्वीच बोलून दाखविला आहे. 1787 साली ठाणे किल्ल्यात पाया खोदताना मजुरांच्या हाती एक ताम्रपट लागला. पंडित रामलोचन यांनी तो वाचला आणि कलकत्त्याच्या ‘एशियाटिक रिसर्चेस’ या नियतकालिकाच्या पहिल्याच खंडात त्याचे भाषांतर प्रसिद्ध झाले. शके 939, म्हणजे इसवी सन 1017 मधील शिलाहार राजा अरिकेसरी याचे ते दानपत्र होते. हा ताम्रपट तांबे म्हणून वितळविला गेला असता, तर त्यातील राजवंशाची नावे आणि दानाचा तपशील यांना जग मुकले असते.

पुढच्या शतकात ही परंपरा हौशी विद्वानांनी चालविली. डॉ. भाऊ दाजी लाड हे व्यवसायाने वैद्यक, परंतु शिलालेख आणि नाणी हा त्यांचा ध्यास होता. त्यांच्याकडे काम करून तयार झालेले पंडित भगवानलाल इंद्रजी (1839–1888) मूळचे जुनागढचे. महाविद्यालयीन शिक्षण नसताना केवळ पायपीट आणि चिकाटी यांच्या बळावर ते देशातील अग्रगण्य लिपितज्ज्ञांपैकी एक ठरले. ओडिशातील उदयगिरीच्या हाथीगुंफेतील सम्राट खारवेलाचा लेख अरिहंतांना आणि सिद्धांना नमन करून आरंभ होतो. जैन इतिहासाच्या या अनमोल साधनाचे पहिले भरवशाचे वाचन भगवानलाल यांनीच केले, ही गोष्ट या सभेत आवर्जून सांगितली पाहिजे.

याच भगवानलाल यांनी एप्रिल 1882 मध्ये सोपाऱ्याचे टेकाड उकलले. सोपारा त्या वेळी ठाणे जिल्ह्यात होते. 2014 पासून ते पालघर जिल्ह्यात आहे. गावकरी त्या टेकाडाला ‘बुरुड राजाचा कोट’ म्हणत. त्याच्या पोटात विटांचा बौद्ध स्तूप निघाला. स्तूपाच्या मध्यभागी दगडी पेटी होती. तिच्यात तांब्याचा करंडक, त्यात चांदीचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा आणि सर्वांत आत सोन्याचा अशी मांडणी होती. सोन्याच्या करंडकात सुवर्णफुले आणि मातीच्या भांड्याचे तुकडे होते. गौतमीपुत्र यज्ञ सातकर्णीचे न झिजलेले चांदीचे नाणे मिळाले, तर तांब्याच्या करंडकाभोवती आठ लहान धातुमूर्ती बसविलेल्या आढळल्या.

येथे एक सूक्ष्म गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. नाणे दुसऱ्या शतकाच्या सुमाराचे, तर मूर्ती शैलीवरून आठव्या-नवव्या शतकातील. म्हणजे स्तूप बांधल्यानंतर काही शतकांनी तो कोणीतरी श्रद्धेने पुन्हा उघडला, मूर्ती ठेवल्या आणि पूर्ववत बंद केला, असा निष्कर्ष निघतो. हा निष्कर्ष एकट्या नाण्यातून किंवा एकट्या मूर्तीतून निघत नाही. कोणती वस्तू कोणत्या वस्तूजवळ, कोणत्या थरात होती, याची नोंद झाली म्हणूनच तो निघाला. हाच ऐवज कोणी रात्री खणून बाजारात वेगवेगळा विकला असता, तर सोने सोन्याच्या भावाने गेले असते आणि सोपाऱ्याचा हा इतिहास कायमचा मिटला असता. वस्तूचे खरे मोल तिच्या धातूइतकेच तिच्या जागेत असते. या छंदाचा हा पहिला धडा होय.

दुसरा धडाही सोपाऱ्याचाच आहे. 1882 मध्ये तेथे सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. त्यानंतर तब्बल चौऱ्याहत्तर वर्षांनी, 1956 मध्ये, नजीकच्या भुईगाव येथे नवव्या लेखाचा तुकडा मिळाला. तो उजेडात आणणारे ना. आ. गोरे हे एशियाटिक सोसायटीचे ग्रंथपाल होते. एवढ्या वर्षांत त्या दगडाजवळून कितीजण गेले असतील! दगड सर्वांनाच दिसतो. त्यावरील अक्षर मात्र थांबून पाहणाऱ्यालाच दिसते.

आपल्या परंपरेतही सोपाऱ्याचे स्थान मोठे आहे. आचार्य वज्रसेन यांनी येथे दीक्षा दिलेल्या चार बंधूंपासून नागेंद्र, चंद्र, निवृत्ती आणि विद्याधर ही कुळे निघाली, असे श्वेतांबर परंपरा सांगते. श्रीपाळ राजाच्या कथेतही सोपारा आणि ठाणे यांचे उल्लेख येतात. ठाण्याचे मुनिसुव्रतस्वामींचे मंदिर ‘कोकण शत्रुंजय’ म्हणून ओळखले जाते ते याच नात्याने. आगाशीच्या मंदिरातील मुनिसुव्रतस्वामींची प्रतिमा सोपाऱ्याच्या तळ्यातून मिळाली, अशी श्रद्धा आहे. परंपरा आणि पुरावा या दोन भिन्न गोष्टी आहेत. दोहोंचा आदर राखावा, परंतु एकीला दुसरीच्या जागी बसवू नये. प्रत्यक्ष पुराव्याचे उदाहरण हवे असल्यास मावळातील पाले येथील गुहा पाहावी. अरिहंतांना वंदन करून आरंभ होणारा तेथील ब्राह्मी लेख इसवी सनापूर्वीचा मानला जातो. डॉ. ह. धी. सांकलिया आणि डॉ. शोभना गोखले यांनी तो प्रसिद्ध केला आणि महाराष्ट्रातील जैन धर्माच्या प्राचीनत्वाला अक्षरांचा आधार मिळाला.

आता कल्याणकडे वळू. ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात कल्याण बंदराचा उल्लेख आहे आणि कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या दात्यांची नावे कोरलेली आहेत. अंबरनाथचे शिवालय शके 982, म्हणजे इसवी सन 1060 चे. भिवंडीजवळच्या भादाणे येथील अपराजिताचा ताम्रपट शके 919 चा, लोनाडचा शिलालेख शके 1106 चा आणि जवळच्याच चौधरपाड्याचा केशिदेवाचा लेख शके 1161 चा आहे. नकाशावर ही गावे एकमेकांपासून फार दूर नाहीत. ज्या भूमीवर आज गृहसंकुले आणि गोदामे उभी राहत आहेत, तीच शिलाहारांची नांदती भूमी होती.

या गावांत हौशी शोधकाने काय पाहावे? प्रथम नावे ऐकावीत. ‘कोट’, ‘देऊळवाडी’ अशी शेतांची नावे वृद्धांच्या तोंडी असतात. जुन्या वस्तीची राखमिश्रित, भुरकट माती म्हणजे ‘पांढर’. ती शेतीच्या काळ्या मातीहून वेगळी ओळखू येते. पावसाळा सरल्यावर किंवा नांगरट झाल्यावर तेथे खापरे, विटांचे तुकडे आणि मणी वर येतात. पाराखाली वीरगळ आढळतात. त्यांत खालच्या चौकटीत युद्ध, मध्ये स्वर्गारोहण आणि वर बहुधा शिवलिंगाची पूजा कोरलेली असते. सूर्य-चंद्र, मध्ये लेख आणि खाली गाढवाचे शिल्प असलेला दगड म्हणजे गधेगाळ. दिलेले दान मोडणाऱ्यास त्यातून शाप दिलेला असतो. दक्षिण महाराष्ट्रात आणि कर्नाटकात सल्लेखना घेतलेल्यांच्या स्मरणार्थ उभारलेले निषिधी-शिलालेख मिळतात, त्यांचीही ओळख ठेवावी.

झिजलेली मूर्ती दिसताच ती तीर्थंकरांचीच, असा निर्णय देण्याची घाई करू नये. कायोत्सर्ग मुद्रा, वक्षावरील श्रीवत्स, पीठावरील लांछन, पार्श्वनाथांच्या मस्तकावरील नागफणा ही लक्षणे तपासावीत. खांद्यावर चीवराची रेषा असल्यास ती मूर्ती बुद्धाची असू शकते. एखादी जिनप्रतिमा ग्रामदेवता म्हणून पूजली जात असेल, तर ज्यांनी ती शतकानुशतके सांभाळली त्यांचे आभार मानावेत. तिच्यावर हक्क सांगून गावात वितुष्ट आणणे अनेकांतवादाच्या अनुयायांना शोभत नाही.

मर्यादा कायद्यानेही आखून दिली आहे. 1878 च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेला दहा रुपयांहून अधिक मोलाचा निधी सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळविणे बंधनकारक आहे. प्रामाणिकपणे कळविणाऱ्याला या कायद्यात वाटा आहे. लपविणाऱ्याला शिक्षा आहे. 1958 च्या कायद्याने संरक्षित स्थळी परवान्यावाचून उत्खनन करता येत नाही. 1972 च्या कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी शिल्पे पुरावस्तू ठरतात. हस्तलिखितांसाठी ही मुदत पंचाहत्तर वर्षांची आहे. त्यांची निर्यात खासगी व्यक्तीस करता येत नाही, तर मूर्ती, चित्रे आणि सचित्र पोथ्या यांची नोंदणी करावी लागते. इंग्लंडमध्ये धातुशोधक यंत्र घेऊन शेते धुंडाळणारे हजारो छांदिष्ट आहेत. तेथेही 1996 च्या कायद्याने सापडलेला खजिना कळविणे सक्तीचे आहे. सारांश, पाहावे, मोजावे, छायाचित्र घ्यावे, नोंद करावी. खणू नये आणि उचलून आणू नये. अदत्तादान म्हणजे न दिलेले घेणे. अचौर्यव्रताचे पालन करणाऱ्यास हे कायद्याने सांगण्याची गरजच पडू नये.

नोंद करण्याचे साहित्य अगदी साधे आहे: वही, पेन्सिल, मोजपट्टी आणि मोबाईलचा कॅमेरा. सकाळी किंवा संध्याकाळी तिरप्या उन्हात घेतलेल्या छायाचित्रात पुसट अक्षरे उठून दिसतात. अक्षरांवर खडू फिरवू नये, दगड आम्लाने धुऊ नये. ठाण्यात डॉ. दाऊद दळवी, सदाशिव टेटविलकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी आणि कोकण इतिहास परिषदेने स्थानिक इतिहासाचे मोठे काम केले. 2015 नंतरच्या वर्षांत मुंबई विद्यापीठाच्या पुरातत्त्व केंद्राने इन्स्टुसेन ट्रस्टसह साष्टी बेटाचे सर्वेक्षण केले. त्यात विद्यार्थी आणि स्वयंसेवक गावोगाव हिंडले. अशा मार्गदर्शनाखाली छंद जोपासला, तर तो शास्त्राला साहाय्यभूत होतो.

हानी केवळ चोरांकडून होते असे नाही. ती श्रद्धेतूनही होते, हे कटू असले तरी सत्य आहे. वीरगळाला तैलरंग फासला जातो, तळ्याच्या सुशोभीकरणात शिल्पे भरावात जातात आणि जीर्णोद्धाराच्या वेळी लेख असलेली जुनी पायरी राडारोड्यात फेकली जाते. नवे संगमरवरी देरासर उभे राहते, परंतु ते प्रथम कोणी, कोणत्या संवतात उभारले हे सांगणारा दगड नाहीसा होतो. म्हणून जीर्णोद्धाराच्या ठरावाबरोबरच जुन्या वास्तूची छायाचित्रे, मोजमापे आणि लेखांचे ठसे घेण्याचा ठराव प्रत्येक संघाने करावा. धातुप्रतिमांच्या पाठीमागील लेख, त्यांतील संवत, गच्छ आणि दात्यांची नावे उतरवून ठेवावीत. ज्ञानभंडारातील पोथ्यांची सूची करावी.

हे काम खर्चाचे नाही, सवडीचे आहे. पाठशाळेतील मुलांना वर्षातून एक रविवार लोनाड किंवा सोपाऱ्याला न्यावे, त्यांच्या हाती वही द्यावी आणि एका दगडासमोर अर्धा तास बसवावे. त्यांच्यातून एखादा भगवानलाल घडेल की नाही, हे काळच ठरवील. परंतु उद्या बांधकामाच्या खड्ड्यात कोरीव दगड दिसला, तर “थांबा” म्हणणारा एक आवाज तरी या शहरात असेल.

जय जिनेंद्र.