तपासणाऱ्याची नजर



३ मार्च २०२३. बारावीचा गणिताचा पेपर. आपल्या सिंदखेडराजा तालुक्यात तो सुरू होण्याआधीच त्याची पानं मोबाईलवर फिरली. विधानसभेत प्रकरण गाजलं, अटका झाल्या, आणि अटक झालेल्यांत शिक्षकही होते. मी गणिताचा मास्तर. वर्षभर घासून अभ्यास केलेल्या एका मुलीनं मला विचारलं, "सर, मग माझ्या मार्कांना काय अर्थ?" फार लागलं ते.

पेपर फोडणं हा गुन्हा आहे, तो पोलीस बघतील. पण मुलांवर अन्याय बंद दाराआडही होतो, आणि तो कुणाला दिसत नाही. बोर्डाच्या उत्तरपत्रिकेवर बारकोड असतो, परीक्षकाच्या वर नियामक असतो. शाळेतल्या घटक चाचणीला असं काही नसतं. गठ्ठा, लाल पेन आणि एकटा मास्तर.

एकदा रात्री अकराला दहावीच्या घटक चाचणीचे पेपर तपासत होतो. एका मुलानं वर्गसमीकरण उतरवताना वजा ५ चं अधिक ५ केलं होतं. पुढची प्रत्येक पायरी बरोबर. मी शून्य दिलं. सकाळी चहा घेऊन बसलो, तर दुसऱ्या पेपरात हीच चूक. अक्षर मोत्यासारखं, पोरगी हुशार. तिला ३ पैकी २ दिले. गुण मांडताना दोन्ही पेपर शेजारी आले, तेव्हा माझं मलाच दिसलं. त्या मुलाचे २ गुण मी त्याला वर्गात, सर्वांसमोर परत दिले.

तेव्हापासून आधी नमुना उत्तर लिहितो, पायरीगणिक गुण ठरवतो. नावाचं पान मागे दुमडतो. सगळ्यांचा पहिला प्रश्न, मग सगळ्यांचा दुसरा. शेवटी सुरुवातीचे दहा पेपर पुन्हा, कारण तेव्हा हात आखडलेला असतो. रात्री दहानंतर पेन बंद. कुणी ३४ वर अडकला, तर दया म्हणून गुण टाकत नाही. पेपर पुन्हा वाचतो. मात्र मग ३४ वाले सगळेच पुन्हा वाचतो.

पालकहो, सहामाहीचे पेपर आले, की आधी आकडा बघू नका. लेकराला जवळ बसवून कापलेलं उत्तर वाचा. शंका आली तर पेपर घेऊन सरांकडे, मॅडमकडे या. गुण का कापले, हे विचारायचा लेकराला हक्क आहे.