आमदार दाराबाहेर, मग रयत कोठें?

(वडगांव मावळ येथें शेतकरी व कारागीर मंडळींच्या सभेंत एका प्राथमिक शिक्षकानें केलेलें भाषण)



वर्गांत दंगा करणाऱ्या पोराला आम्ही मास्तर लोक तासभर बाहेर उभा करतों. कशासाठीं? बाकीच्यांचा धडा चालावा म्हणून. त्याचें वर्ष बुडावें म्हणून नव्हे. विधानसभेलाही आपल्या सभासदांना शिस्त लावण्याचा अधिकार आहे, आणि तो असलाच पाहिजे. नाहीं तर ज्याचा घसा मोठा त्याचेंच राज्य! आपल्या विधानसभेच्या ५३व्या नियमाप्रमाणें अध्यक्ष दंगेखोर सभासदाला त्या दिवसापुरता बाहेर काढूं शकतात. त्याच अधिवेशनांत पुन्हां तशी वेळ आली, तर फार तर तें अधिवेशन संपेपर्यंत.

आतां ५ जुलै २०२१ ची हकीकत ऐका. अधिवेशन अवघें दोन दिवसांचें. इतर मागासवर्गीयांच्या राजकीय आरक्षणासाठीं केंद्राकडे माहिती मागण्याचा ठराव आला आणि गोंधळ माजला. तालिका अध्यक्ष भास्कर जाधव यांना शिवीगाळ व धक्काबुक्की केल्याचा ठपका ठेवून भाजपच्या बारा आमदारांना एक वर्षासाठीं निलंबित केलें. त्यांनीं आरोप नाकारला. ठराव आवाजी मतानें पास झाला.

ते दोषी कीं निर्दोष, हा वाद मी येथें मांडीत नाहीं. मी विचारतों, शिक्षा भोगली कोणी? आमदाराची खुर्ची त्याच्या बापजाद्यांची नव्हे, ती रयतेची आहे. आमदाराला कायमचें काढलें तर जागा रिकामी होते, आणि आजच्या कायद्यानें साधारणतः सहा महिन्यांत पोटनिवडणूक होते. १९६४ सालीं जांबुवंतराव धोटे यांना विधानसभेनें काढलें, तेव्हां यवतमाळच्या मतदारांनीं त्यांनाच परत पाठविलें. लोकांना आपलें उत्तर देतां आलें. वर्षाच्या निलंबनांत मात्र माणूस आंत नाहीं आणि जागाही मोकळी नाहीं. बैल गोठ्यांत नाहीं, पण दावेंही दुसऱ्याला द्यायचें नाहीं!

२८ जानेवारी २०२२ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तो ठराव अधिवेशनापुढील काळासाठीं घटनाबाह्य ठरविला. अशी शिक्षा हकालपट्टीहूनही वाईट, कारण ती मतदारसंघालाच भोगावी लागते, असें न्यायालयाचें म्हणणें पडलें.

त्या बारांत मावळ नव्हता. पण असता तर? ९ ऑगस्ट २०११ रोजीं बऊर येथें पवनेच्या जलवाहिनीविरुद्ध उभीं राहिलेलीं आपलीं तीन माणसें पोलिसांच्या गोळीबारांत गेलीं. अशा वर्षीं आपला आमदार दाराबाहेर असता, तर सभागृहांत आपल्यातर्फे सरकारला जाब कोणी विचारला असता?

म्हणून दोन गोष्टी गांठीस बांधा. आमदार मतें मागावयास आला कीं, सभागृहांत कसा वागलास, किती प्रश्न विचारलेस, हें तोंडावर विचारा. आणि विरुद्ध पक्षाचा आमदार वर्षभर बाहेर काढला म्हणून टाळ्या पिटूं नका. आज बहुमत त्यांचें, उद्यां यांचें. तोंड मात्र दर वेळीं रयतेचेंच बंद होतें.