आगोटीच्या यादीत एक पिशवी

(संस्थेच्या पालक मेळाव्यात एका निवृत्त शिक्षकाने दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शिक्षणसंस्थेच्या मेळाव्यात पूर, पिण्याचे पाणी आणि तेलाचे डबे यांवर बोलायला मला का उभे केले, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. मलाही तो आला होता. पण चिपळूणसारख्या गावात शिक्षणाचे जितके नुकसान परीक्षेतल्या अपयशाने होते, जवळजवळ तितकेच वाशिष्ठीच्या पाण्याने होते, हे मी स्वतःच्या घरात पाहिले आहे. म्हणून हे निमंत्रण स्वीकारले.

आपल्या कोकणात घराची आगाऊ तयारी ही काही नवी गोष्ट नव्हे. मे महिना उतरला की आपल्या आया-बहिणी आगोटीला लागतात. तांदूळ, सुकी मासळी, मिरची, मीठ, लाकूडफाटा यांची चार महिन्यांची तजवीज होते. ज्या घरात महिनाअखेर उधारीवर जाते तेथेही आगोट चुकत नाही. तेव्हा 'आम्ही गरीब, आम्हांला तयारी कोठून परवडणार' हे म्हणणे मला पटत नाही. आगोटीची यादी आजीच्या काळातली आहे, तिच्यात दोन-चार नव्या ओळी घालायच्या राहिल्या, इतकेच.

आता माझी चूक सांगतो. 26 जुलै 2005 रोजी पाणी चढू लागले तेव्हा घरातला वडील म्हणून मी सर्वांना सांगितले, "आपल्या ओटीच्या वर पाणी कधी आलेले नाही, घाबरू नका." धाकट्या भावाची पत्र्याची पेटी पलंगाखाली होती. तीत त्याच्या दहावीपासून पदविकेपर्यंतच्या सर्व गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला आणि एका नोकरीच्या मुलाखतीचे पत्र होते. पाणी खिडकीच्या चौकटीपर्यंत आले. दोन दिवसांनी पेटी उघडली तेव्हा आत कागद नव्हते, लगदा होता. दुय्यम प्रतींसाठी त्याने अनेक हेलपाटे घातले. एका कार्यालयात अर्ज गहाळ झाला, तो पुन्हा केला. सगळे कागद हाती आले तोवर ती जागा भरली गेली होती. भाऊ आज आपल्या संसारात सुखी आहे आणि त्याने मला कधी शब्दाने दुखावले नाही. पण त्या पेटीला कपाटाच्या माथ्यावर ठेवायला मला दोन मिनिटे पुरली असती.

त्या वर्षापासून मी शहाणा झालो, असे मला वाटत होते. खिडकीच्या चौकटीवर रंगाने रेघ मारली आणि मोलाची प्रत्येक वस्तू त्या रेघेच्या वर गेली. कागद, धान्य आणि पाण्याचे डबे पोटमाळ्यावर ठेवले. शेजारीपाजारी माझी व्यवस्था पाहायला येत, आणि मीही ती काहीशा अभिमानाने दाखवीत असे.

मग 2021 साल आले. 21 जुलैला बकरी ईद होती. घरात पाहुणे होते, फ्रिज गोश्ताने भरलेला, सगळे थकून उशिरा झोपलेले. आठवडाभर पाऊस होताच. उत्तररात्री शेजाऱ्याने दार ठोठावले तेव्हा अंगणात पाणी होते, आणि उजाडेपर्यंत ते माझ्या रंगाच्या रेघेवरून गेले. 22 जुलैच्या त्या पुरात आमच्या घरी पोटमाळासुद्धा बुडाला. सोळा वर्षे मी ज्या खुणेवर विसंबलो ती मागच्या पुराची खूण होती. पुढच्या पुराने ती पाळावी असा काही करार झालेला नव्हता.

आम्ही वाचलो ते समोरच्या सुतार कुटुंबामुळे. त्यांचे घर दुमजली, स्लॅबचे. वरच्या दोन खोल्यांत आम्ही तेवीस माणसे सव्वीस तास होतो. वीज नव्हती, फोन लागत नव्हता, खाली पाणी फिरत होते. त्या घरच्या वहिनींनी पहिल्या तासाभरात चहा दिला, आणि नंतर चहाला पाणी उरले नाही. माझे साठ लिटर पाणी समोर पोटमाळ्यात बुडालेले होते. ते डबे मी मे महिन्यातच त्यांच्या गच्चीवर ठेवले असते तर तेवीस माणसांची तहान भागली असती.

तेव्हा पहिली गोष्ट अशी की, बैठ्या घरात राहणाऱ्याने आपल्या घरातच तयारी करून थांबू नये. गल्लीत उंचावरचे, पक्के घर कोणाचे आहे ते पाहावे, कोरड्या दिवशी त्यांच्याकडे जाऊन बसावे आणि सरळ विचारावे, "वेळ आली तर आम्ही येऊ का? आमचे चार डबे वर ठेवू का?" असे विचारायला संकोच वाटतो, मला माहीत आहे. पण याला एक पैसाही लागत नाही, आणि मागायला गेलेल्याला नकार मिळाल्याचे निदान मी तरी आमच्या गल्लीत ऐकलेले नाही.

दुसरी गोष्ट, निघायचे केव्हा ते आधी ठरवावे. रात्री दोन वाजता घाबरलेल्या घरात चर्चा होत नाही, गोंधळ होतो. आमच्या घरी आता ठरले आहे की, पाणी रस्त्याच्या मोरीवर आले की म्हातारी माणसे व मुले समोर जातील आणि अंगणाच्या पायरीला लागले की सगळेच जातील. कोणीही 'थोडे पाहू' म्हणायचे नाही. ही आज्ञा सर्वांत जास्त मला लागू आहे, असे माझ्या सुनेने मला बजावले आहे.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगतो. वाशिष्ठी पुढे दाभोळच्या खाडीला मिळते, आणि समुद्राला भरती असताना वरचे पाणी लवकर ओसरत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते, ते आणखी एक-दोन दिवस टिकते. आपल्या प्रत्येक घरात भिंतीवर हिजरी तारखांचे कॅलेंडर आहे. चांदरातीच्या आसपास आणि चौदा-पंधरा तारखेच्या पुढेमागे उधाण, एवढे मुलांनी लक्षात ठेवले तरी पुरे. पावसाळ्यात त्या तारखांना जोराचा पाऊस लागला की एक माणूस जागा राहील, अशी पाळी आम्ही लावली आहे.

आता पिशवीकडे येतो. जाड प्लास्टिकची, तोंड वळवून घट्ट बांधता येईल अशी एक पिशवी, तीत दुसरी तशीच पिशवी, आणि आत घरातले मूळ कागद. त्यात मुलांच्या गुणपत्रिका आणि दाखले, जन्माचे दाखले, रेशनकार्ड, आधार, बँकेचे पासबुक, निकाहनामा, घरपट्टीची पावती व सात-बारा हे सगळे असावे. जातीचा दाखला असेल तर तोही, कारण तो पुन्हा मिळवताना पूर्वजांचे पुरावे शोधत फिरावे लागते. मूळ गुणपत्रिका लॅमिनेट करून आणू नका, काही ठिकाणी पडताळणीच्या वेळी त्यावर हरकत घेतात. प्रत्येक कागदाचा फोटो काढून परगावच्या एखाद्या नातलगाच्या फोनवर पाठवून ठेवा, आपला फोन पाण्यात गेला तरी तो तेथे राहतो. शासनाच्या डिजिलॉकरमध्ये जे कागद मिळतात ते तेथेही घेऊन ठेवावेत. हे काम नववी-दहावीचा कोणताही मुलगा किंवा मुलगी एका रविवारी करू शकते.

त्याच पिशवीत दहा, वीस, पन्नासच्या नोटांत थोडी रोकड असू द्या. आता भाजीवालासुद्धा मोबाइलवर पैसे घेतो, पण 2021 मध्ये वीज आणि नेटवर्क गेल्यावर खात्यात पैसे असलेली माणसे हात हलवीत उभी होती. शिवाय दोन-चार फोन नंबर कागदावर लिहून ठेवा. 112 आणि रुग्णवाहिकेचा 108 सर्वांना ठाऊक असतो, जिल्हा नियंत्रण कक्षाचा 1077 मात्र बहुतेकांना ठाऊक नसतो.

आणि औषधे. येथे मला थोडे थांबावे लागेल. माझ्या मातोश्रींना मधुमेह होता, त्या इन्शुलिन घेत. त्या पहाटे मी कागदांची पिशवी पोटमाळ्यावरून काढली, आईला पाठीवर घेतले आणि पाण्यातून समोर गेलो. इन्शुलिन फ्रिजच्या दारात राहिले. दुपारी वरच्या खिडकीतून आमचा फ्रिज दारात आडवा तरंगताना दिसला. आई एका शब्दाने बोलली नाही, पण संध्याकाळपर्यंत तिची तहान वाढली आणि घोटभर पाणी मागताना ती ओशाळत होती, कारण पाणी किती उरले आहे हे तिला दिसत होते. पूर ओसरल्यावर तिला रुग्णालयात ठेवावे लागले. ती बरी होऊन घरी आली, पण ते सव्वीस तास मी विसरू शकत नाही. तेव्हा ज्यांच्या घरी असे औषध आहे त्यांनी डॉक्टरांना आजच विचारून घ्यावे. वापरात काढलेली इन्शुलिनची बाटली साधारण चार आठवडे फ्रिजबाहेर, सावलीत, थंड जागी चालते. ओल्या वाळूत ठेवलेल्या मडक्यात ती चांगली राहते. पावसाळ्यात ते मडके पिशवीच्या शेजारी असावे. रक्तदाबाच्या, दम्याच्या, फिट्सच्या गोळ्या आठवडाभराच्या वेगळ्या काढून ठेवाव्यात आणि जुन्या होण्याआधी वापरून नव्या भराव्यात.

खर्चाचा हिशोब आपण विचाराल. माझ्या सुनेने जानेवारीपासून दर आठवड्याला वीस रुपये एका बरणीत टाकले. एकवीस आठवड्यांत 420 रुपये झाले. किराणावाल्याकडून तेलाचे चार रिकामे डबे 160 रुपयांना, टॉर्च 90, नायलॉनची दोरी 60, जाड पिशव्या 80 आणि दोन शिट्ट्या 30 रुपये. शिट्टी पाहून मी हसलो होतो. पण पावसाच्या आवाजात माणसाची हाक पलीकडच्या गच्चीवर पोहोचत नाही, शिट्टी पोहोचते.

डबे सोडा घातलेल्या गरम पाण्याने दोन-तीनदा धुवावेत. माणशी दिवसाला तीन लिटर धरले तर सहा माणसांना तीन दिवसांसाठी 54 लिटर लागते, म्हणजे पंधरा लिटरचे चार डबे. भरलेले डबे वर चढवू नका, डबे वर ठेवून कळशीने भरा, आणि पाणी अधूनमधून बदलत जा. खायला जिन्नस असे घ्यावेत की चूल लागणार नाही. पोहे, चणे, शेंगदाणे, गूळ, खजूर बरणीत भरा. श्रावण संपला की ते खाऊन टाका, म्हणजे वाया काही जात नाही. जुलाब लागले तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा, मीठ याहून जास्त नको. हे प्रमाण पाचवीच्या मुलानेही पाठ करावे.

घर सोडताना दोन कामे चुकवू नयेत. विजेचा मेन स्विच बंद करावा, मात्र तो पाण्यात असेल किंवा पाण्यात उभे राहून गाठावा लागणार असेल तर हात लावू नये. आणि गॅसचा रेग्युलेटर काढून, सिलिंडरला टोपण लावून, तो दोरीने खिडकीच्या गजाला बांधावा. लोकांना वाटते भरलेला सिलिंडर जड म्हणून जागीच राहील. तो भरलेला असला तरी तरंगतो आणि वाहून जातो.

पाणी उतरल्यावर आपण सगळे आधी झाडू हातात घेतो, ही आपली चांगली सवय येथे अंगाशी येते. आधी भिंतीवरच्या पाण्याच्या खुणेचे, भिजलेल्या सामानाचे फोटो काढा, पंचनाम्याला ते उपयोगी पडतात. मग चिखल काढा. अनवाणी नको, पायाला जखम असेल तर मुळीच नको. पुढच्या काही आठवड्यांत ताप आणि अंगदुखी आली तर साधा ताप समजून दुकानातली गोळी घेऊ नका, सरकारी दवाखान्यात जाऊन पुराच्या पाण्यात उतरलो होतो असे स्पष्ट सांगा. लेप्टोवर वेळेत औषध मिळाले तर माणूस बरा होतो.

आमच्या गल्लीतल्या बायकांची दहा जणींची भिशी आहे, महिना शंभर रुपयांची. त्यांनी ठरवले की जुलैची भिशी उचलायची नाही, तिचे हजार रुपये गणपतीपर्यंत तसेच ठेवायचे. ज्या घरावर वेळ येईल त्या घराला ते द्यायचे, आणि कोणावरच आली नाही तर मग चिठ्ठी टाकायची. ही कल्पना पुरुषांच्या कोणत्याही बैठकीत निघाली नव्हती, हे मला येथे नमूद केले पाहिजे.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हांला एक गृहपाठ देतो. आपल्या गल्लीत स्वतःहून जिना चढू न शकणारी माणसे किती आहेत, त्यांची नावे लिहून काढा. प्रत्येकाला कोण उचलील ते नाव समोर लिहा. ज्या नावासमोर जागा रिकामी राहील तेथे घरातल्या वडिलांना दाखवा. आमच्या गल्लीत अशी यादी झाली तेव्हा सात नावे निघाली आणि दोन जागा रिकाम्या होत्या.

संस्थेने आज दाराजवळच्या टेबलावर पिशव्या ठेवल्या आहेत, घरटी एक. पदवीची मोठी प्रमाणपत्रे लहान पिशवीत मावत नाहीत, ती दुमडू नका, मोठी पिशवी मागून घ्या. आणि पिशवीवर नाव घालताना शाईच्या पेनाने नको, तेथे ठेवलेल्या मार्करने घाला.