विसर्गाच्या वेळापत्रकावर वाहणारी नदी

१८८९ च्या उन्हाळ्यात फ्रँक ब्राउन नावाचा एक उद्योजक होड्यांचा ताफा घेऊन कोलोरॅडो नदीत उतरला. ग्रँड कॅनियनच्या तळातून, नदीच्या काठाकाठाने, रेल्वेमार्ग टाकायचा त्याच्या कंपनीचा बेत होता. सर्वेक्षणाची उपकरणं होती, शिधा होता, रॉबर्ट ब्रूस्टर स्टँटनसारखा मुख्य अभियंता होता. लाइफ जॅकेट मात्र एकही नव्हतं. १० जुलैला सोप क्रीकच्या खाली होडी उलटली आणि ब्राउन बुडाला. पुढच्या काही दिवसांत पीटर हॅन्सब्रो आणि हेन्री रिचर्ड्स हे दोघेही बुडाले. स्टँटनने मोहीम थांबवली आणि उरलेल्यांना एका उपदरीतून वर काढलं. हिवाळ्यात तो परत आला तो मजबूत होड्या आणि माणसागणिक एक बुचाचं जॅकेट घेऊन. नदी तीच, खळाळही तेच. त्या खेपेला छायाचित्रकाराचा पाय मोडला, पण बुडालं कोणी नाही. १८९० च्या वसंतात ही तुकडी थेट कॅलिफोर्नियाच्या आखातापर्यंत पोहोचली.

हा फरक कोणाच्या शौर्याने पडला नव्हता. तो नदीपासून दूर, सामानाची यादी करताना पडला होता.

तरीही धडा सगळ्यांनी घेतला नाही. १९२८ मध्ये ग्लेन आणि बेसी हाइड हे नवविवाहित जोडपं घरी बांधलेली होडी घेऊन याच दरीतून निघालं. वाटेत देऊ केलेली जॅकेटं त्यांनी घेतली नाहीत. पुढे होडी सापडली, सामानासकट, सरळ तरंगत असलेली. ते दोघे कधीच सापडले नाहीत.

आज दरीच्या वरच्या तोंडाशी, लीज फेरीहून निघालेला राफ्ट डायमंड क्रीकला किनाऱ्याला लागतो तेव्हा ३६० किलोमीटरहून जास्त अंतर कापलेलं असतं. वल्ह्यांवर जायचं तर त्याला दोन आठवड्यांच्या आसपास लागतात. मधे गाडीरस्ता नदीपर्यंत येत नाही. मोबाइलला रेंज नसते. सॅटेलाइट फोन लागला तरी मदत येते ती बहुतेक हेलिकॉप्टरने, आणि रात्री किंवा वादळात ते येईलच असं नाही. म्हणून या प्रवासाची तयारी म्हणजे काही तास किंवा एक अख्खी रात्र आपल्याच बळावर जखमी माणूस सांभाळण्याची तयारी.

या नदीचं आजचं रूप समजून घ्यायचं तर वरच्या धरणाकडे पाहावं लागतं. १९६३ मध्ये ग्लेन कॅनियन धरणाने पाणी अडवायला सुरुवात केली. त्याआधी उन्हाळ्यात नदीचं पाणी २५ अंशांच्याही वर जायचं. धरण पाणी सोडतं ते तलावाच्या खोल थरातून, त्यामुळे धरणाखाली ते ८ ते १० अंशांवर आलं. अलीकडे तलावाची पातळी घटली तेव्हा ते काहीसं उबदार झालं, पण त्यावर भिस्त ठेवणं चूक. दरीच्या तळाशी जुलैत सावलीतलं तापमान चाळिशी ओलांडतं. म्हणजे राफ्टवर बसलेला माणूस उष्माघाताच्या उंबरठ्यावर असतो आणि तोच पाण्यात पडला की गारठ्याच्या. पहिल्या मिनिटात थंडीचा धक्का बसून श्वास अनावर होतो. त्या वेळी तोंड पाण्यावर राहिलं नाही तर पट्टीचा पोहणाराही पाणी गिळतो. पुढच्या दहाएक मिनिटांत हातापायांतली ताकद ओसरते. दोरी पकडायची, राफ्टवर चढायचं, ते याच अवधीत. अंगावर घट्ट बसलेलं जॅकेट हवं ते याचसाठी. पट्टे सैल असले तर ते मानेवर सरकतं आणि माणूस त्यातून निसटतो.

धरणाचा दुसरा परिणाम नवख्यांच्या लक्षात सहसा येत नाही. विसर्ग विजेच्या मागणीप्रमाणे दिवसात बदलतो. कोलाडला कुंडलिकेवर राफ्टिंग केलेल्यांना हे चटकन कळेल. भिरा वीजघरातून पाणी सुटल्यावरच तिथला दिवस सुरू होतो. ग्रँड कॅनियनमध्ये मात्र दुपारी सोडलेलं पाणी दरीच्या निरनिराळ्या टप्प्यांवर निरनिराळ्या वेळी पोहोचतं. एखाद्या मुक्कामी मध्यरात्री पाणी चढतं, दुसऱ्या मुक्कामी पहाटे उतरतं. चढत्या पाण्यात सैल बांधलेला राफ्ट वाहून जातो. उतरत्या पाण्यात टनभर वजनाचा राफ्ट वाळूवर अडकतो आणि सकाळ ढकलण्यात जाते. म्हणून रोजच्या विसर्गाचा अंदाज निघण्यापूर्वी मिळवायचा, मुक्कामाला पोहोचल्यावर पाण्याच्या कडेला काडी रोवून चढ-उतार पाहायचा, राफ्ट दोन ठिकाणी बांधायचे आणि स्वयंपाकाची जागा उंचावर निवडायची.

इथले बहुतेक खळाळ उपदऱ्यांच्या तोंडाशी आहेत, कारण पुराच्या चिखलाबरोबर उपदरीतून वाहत आलेल्या शिळांनी नदीचं पात्र तिथे आवळलेलं असतं. त्यामुळे नकाशा कायमचा नसतो. डिसेंबर १९६६ मधल्या एका पुराने क्रिस्टल क्रीकच्या तोंडाशी इतकी दगडमाती आणून टाकली की किरकोळ खळाळाचा दरीतल्या सर्वांत अवघड खळाळांपैकी एक झाला. १९८३ च्या जूनमध्ये तलाव काठोकाठ भरला, सांडवे उघडावे लागले आणि विसर्ग ९० हजार क्युसेकच्या वर गेला. एरवी तो बहुधा ८ ते २० हजारांच्या दरम्यान असतो. त्या पाण्यात क्रिस्टलमध्ये मोटर लावलेले मोठे राफ्ट उलटले आणि एकाचा जीव गेला. उलट हॅन्स नावाच्या खळाळात पाणी कमी झालं की खडक उघडे पडतात आणि वाट शोधणं अधिक कठीण होतं. पुस्तकात छापलेली काठिण्यश्रेणी कोणत्या विसर्गाची आहे, हे न पाहता तिच्यावर विसंबणं धोक्याचं.

म्हणून मोठ्या खळाळाआधी किनाऱ्याला लागायचं, चालत जाऊन तो वरून पाहायचा. राफ्ट कुठून वळवायचा, पडलो तर कोणत्या बाजूला पोहायचं, खाली कोण थांबेल, हे सगळ्यांसमोर ठरवायचं. पहिला राफ्ट खाली जाऊन शांत पाण्यात थांबतो, फेकायची दोरी हातात घेऊन. पाण्यात पडलेल्याने उताणं होऊन पाय पुढे आणि पाण्याच्या वर ठेवायचे. जोराच्या पाण्यात उभं राहू नये, पाऊल दगडांत अडकलं तर प्रवाह माणसाला पालथा पाडतो.

जुलै ते सप्टेंबर इथेही पावसाळी वादळं येतात, आणि उपदरीतला पूर डोक्यावरचं आभाळ निरभ्र असतानाही येऊ शकतो. १२ ऑगस्ट १९९७ रोजी पेज गावाजवळच्या अँटिलोप कॅनियनमध्ये ११ जण वाहून गेले; पाऊस दूर, वरच्या पाणलोटात पडला होता. अरुंद उपदरीत तंबू ठोकायचा नाही. पाणी अचानक गढूळ झालं किंवा गडगडाट ऐकू आला की फोटो सोडून वर चढायचं.

आजारपणाचा विचार नेहमी कमी पडतो, आणि हाच भाग मोहिमा मोडतो. नदीचं पाणी गाळाचं असतं, त्यामुळे ते आधी बादलीत निवळू द्यायचं, मग गाळून निर्जंतुक करायचं. नुसतं पाणी पीत राहिल्याने रक्तातलं मीठ उतरतं, म्हणून खारे दाणे, चिवडा, लोणचं बरोबर हवं. मराठी घरांना हे सांगावं लागू नये. उलट्या-जुलाबांचा नोरोव्हायरस एका राफ्टवरून सगळ्या तुकडीत पसरतो, तेव्हा जेवणाआधी साबणाने हात धुणं सक्तीचं. विष्ठा डब्यात साठवून परत न्यायची आणि शेकोटीची राख उचलून न्यायची, हे ग्रँड कॅनियन राष्ट्रीय उद्यानाचे नियम आहेत. वाळूच्या त्या चिंचोळ्या पट्ट्यांवर दरवर्षी हजारो माणसं राहतात, म्हणून ते योग्यही आहेत.

खासगी मोहिमेचा परवाना सोडतीने मिळतो. मोठ्या तुकडीत जास्तीत जास्त १६ जण, आणि अशा नदीवर नाव चालवलेला अनुभवी माणूस त्यांत असावाच लागतो. या अटीला कागदी औपचारिकता मानू नये. अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या मुलांना, भाच्यांना सोडत लागली की सगळा मित्रपरिवार गोळा करायची हौस येते. ज्याने मोठ्या पाण्यावर स्वतः वल्हं धरलेलं नाही, त्याने पहिल्या खेपेला परवानाधारक कंपनीच्या वाटाड्यांबरोबर जावं. स्वतःची मोहीम काढायचीच असेल तर सगळ्यांनी निघण्याच्या काही महिने आधी एखाद्या सोप्या नदीवर एकत्र सराव करावा, राफ्ट मुद्दाम उलटवून सरळ करून पाहावा. आणि इथे कोलाडला जाणाऱ्यांनीही राफ्टमध्ये पाय ठेवण्याआधी शेजाऱ्याच्या जॅकेटचे पट्टे ओढून पाहावेत, आपले त्याच्याकडून ओढून घ्यावेत.